शागिर्दाचे दप्तर

इ. स. १९५४ च्या वसंतात, कोरियातील युद्धविरामाला पुरते एक वर्षही लोटले नव्हते आणि सोल शहराचे भग्नावशेष अजून उपसले जात होते, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या कोरिया पुनर्रचना संस्थेने नेमलेल्या अमेरिकन अर्थशास्त्र्यांच्या एका मंडळाने, रॉबर्ट नेथन यांच्या नेतृत्वाखाली, त्या विदीर्ण देशासाठी एक पंचवार्षिक पुनर्रचनेची योजना सिद्ध करून दिली. योजना विद्वत्तापूर्ण होती आणि तपशिलातही कसूर नव्हती. परंतु सिंगमन री यांच्या सरकारने तिची अंमलबजावणी केली नाही आणि ती रीतसर दप्तरी दाखल झाली. पुढे बरोबर पन्नास वर्षांनी, २००४ साली, त्याच देशाच्या अर्थखात्याने इतर राष्ट्रांना विकासनीतीविषयी सल्ला देण्यासाठी सरकारी खर्चाने एक उपक्रम आरंभिला. त्याचे इंग्रजी नाव केएसपी या आद्याक्षरांनी ओळखले जाते. मराठीत त्याला ज्ञान-सहभाग कार्यक्रम म्हणता येईल. एकेकाळी परक्यांचा सल्ला गुंडाळून ठेवणारा देश आता स्वतः सल्ल्याचे खलिते धाडू लागला, यातील विनोद कोरियन मुत्सद्द्यांच्या ध्यानी आला नसेल असे आम्हांस वाटत नाही.

या उपक्रमाचा गाभा म्हणजे कोरिया विकास संस्था, ऊर्फ केडीआय. १९६१ च्या मे महिन्यात लष्करी उठाव करून सत्तेवर आलेल्या पार्क चुंग-ही यांनी अवघ्या दोन महिन्यांत आर्थिक नियोजन मंडळ स्थापिले आणि १९६२ पासून पंचवार्षिक योजनांना प्रारंभ केला. पण योजना आखणे निराळे आणि तिच्या आकड्यांची निर्भीड रुजवात घालणे निराळे, हे दशकभरात त्यांच्या लक्षात आले असावे. १९७१ च्या मार्चमध्ये सोलच्या होंगनुंग भागात ही संस्था उभी राहिली. तिच्या उभारणीत अमेरिकन मदतीचाही वाटा होता. अमेरिकेत डॉक्टरेट मिळवून तिकडेच रुळू पाहणाऱ्या तरुण अर्थशास्त्र्यांना चांगला पगार आणि राहण्यास घर यांची हमी देऊन मायदेशी बोलावण्यात आले, आणि किम मान-जे हे जेमतेम छत्तिशीतील गृहस्थ संस्थेचे पहिले प्रमुख झाले. हेच पुढे अर्थमंत्री व उपपंतप्रधान झाले. विरोधकांचा शब्द सहन न होणाऱ्या एका हुकूमशहाने, आपल्या योजनांतील चुका दाखविण्यासाठी, विद्वानांना सरकारी खजिन्यातून वेतन द्यावे, ही घटना आम्हांस त्या राजवटीच्या कोणत्याही पोलादी कारखान्याइतकीच लक्षणीय वाटते.

या उपक्रमात सल्ला मागण्याची रीत मोठी पद्धतशीर आहे. ज्या सरकारास मसलत हवी असेल त्याने आपल्या गरजेचा अर्ज कोरियन वकिलातीमार्फत पाठवावयाचा. विषय मुक्रर झाले की कोरियाहून एक मंडळ त्या देशात जाते, तेथील मंत्र्यांना व सचिवांना भेटते आणि मागणीचा खरा आशय पडताळून घेते. मागणारा मागतो निर्यात-बँक आणि अडचण निघते बंदरावरच्या जकातीत, असे राज्यकारभारात नित्य घडते. त्यानंतर उभयपक्षी संशोधक अभ्यासास लागतात. मधल्या टप्प्यावर त्या देशाचे अधिकारी कोरियात येऊन कचेऱ्या आणि कारखाने पाहतात, आणि अखेरचा अहवाल त्यांच्या राजधानीत वरिष्ठांच्या सभेपुढे मांडला जातो. मंडळाच्या अग्रभागी पुष्कळदा एखादा निवृत्त मंत्री वा उच्चपदस्थ कारभारी असतो. नेथन मंडळ आणि हे मंडळ यांत फरक पडतो तो येथेच. ग्रंथांतून विद्या संपादिलेला पंडित काय करावे ते सांगतो. पण अमुक कायद्याच्या मसुद्याला कोणत्या खात्याने अडवले आणि तो अडसर कोणत्या तडजोडीने दूर झाला, हे फक्त त्या खुर्चीवर बसून गेलेला मनुष्यच सांगू शकतो.

या आठवणी माणसांबरोबर लोपून जाऊ नयेत म्हणून जुन्या धोरणांची स्वतंत्र टिपणे सिद्ध करण्याचेही काम कोरियाने हाती घेतले. ती टिपणे म्हणजे त्या राष्ट्राचे शालेय दप्तरच होय. त्यात धडे आहेत, गिरवलेली अक्षरे आहेत, आणि शोधणाऱ्याला खाडाखोडही सापडते. त्यांतील नवग्राम चळवळीचे, म्हणजे सेमाउल उंदोंगचे, प्रकरण घ्या. १९७० च्या हिवाळ्याच्या तोंडाशी सरकारने देशातील सुमारे ३३,००० खेड्यांना प्रत्येकी ३३५ गोण्या सिमेंट फुकट वाटले. अट एवढीच की ते सामायिक कामास लावावे, घरोघर वाटून घेऊ नये. काही खेड्यांनी त्यातून विहिरी, पूल व रस्ते केले, काहींच्या गोण्या जागच्या जागी दगड झाल्या. दुसऱ्या वर्षी ज्यांनी काम करून दाखवले अशा सुमारे १६,६०० खेड्यांनाच ५०० गोण्या सिमेंट आणि एक टन लोखंडी सळई मिळाली. उरलेल्यांना काही नाही. मागासलेल्याला आधी द्यावे या न्यायबुद्धीला हे वाटप कठोर वाटते, आणि ते कठोर होतेच. परंतु शेजारच्या गावाला सळई आली आणि आपल्याला नाही, या चुरशीने जे साधले ते शेकडो परिपत्रकांनी साधले नसते. आफ्रिकेतून व आग्नेय आशियातून येणाऱ्या अधिकाऱ्यांना ही कथा फार आवडते म्हणतात. आवडणारच. तिच्यात खर्च थोडा, फळ मोठे आणि पुढाऱ्याला श्रेय निश्चित.

पण त्याच ऋतूतील दुसरी एक घटना या धड्याशेजारी ठेवून वाचावी लागते. १९७० च्या नोव्हेंबरच्या १३ तारखेस सोलच्या प्योंगह्वा बाजारात जन ते-इल नावाच्या बावीस वर्षांच्या शिवणकामगाराने कामगार-कायद्याचे पुस्तक जाळून स्वतःसही पेटवून घेतले. तो कायदा १९५३ पासून अस्तित्वात होता. फक्त तो कोणी अमलात आणीत नव्हते. निर्यातीचा आकडा १९६४ साली १० कोटी डॉलर होता, तो त्याच १९७० साली १०० कोटींवर गेला, आणि राष्ट्राध्यक्ष दरमहा निर्यात-वृद्धीच्या बैठकीस जातीने बसत. या बैठकीची पद्धत शिकवण्याजोगी आहे यात शंका नाही. परंतु ती शिकवताना त्या बाजारातील माळ्यांवर, मान ताठ करण्याइतकीही उंची नसलेल्या कोठड्यांत, दिवसाकाठी चौदा-पंधरा तास शिवणयंत्र चालवणाऱ्या मुलींचा उल्लेख गाळला, तर शिकणाऱ्याच्या हाती हिशेबाची अर्धीच वही पडते.

आणखी एक गोष्ट या दप्तरातून सहज निसटते. कोरियाचे औद्योगिक यश ज्या भूमीवर उभे राहिले ती आधीच नांगरली गेली होती, आणि तीही शब्दशः. १९५० साली कसेल त्याची जमीन या तत्त्वाने जमीनवाटप होऊन एका कुटुंबाकडे सुमारे तीन हेक्टरांची कमाल मर्यादा राहिली होती आणि जुना जमीनदारवर्ग युद्धाच्या वणव्यात उरलासुरला प्रभाव गमावून बसला होता. ज्या देशात मोठमोठे जमीनदारच विधिमंडळात बसतात, तेथे कोरियाची निर्यातनीती नेऊन लावणे म्हणजे पाया सोडून माडी उचलून नेण्यासारखे आहे. पाहुण्या मंडळातील वृद्ध सल्लागार हे खासगीत मान्य करतील. सरकारी अहवालात ते लिहिण्यास अवघड, कारण यजमानाच्या घरची जमीन हा नेहमीच नाजूक मामला असतो.

आणि पोहांगच्या पोलाद कारखान्याचे काय? १९६० च्या दशकाच्या अखेरीस पोलादाचा एकात्म कारखाना उभारण्यासाठी कोरिया कर्ज मागत फिरला, तेव्हा जागतिक बँकेच्या तज्ज्ञांनी तो प्रकल्प किफायतशीर नाही असा अभिप्राय दिला आणि पाश्चात्त्य कंपन्यांचा समूह पांगला. मग जपानकडून १९६५ च्या करारान्वये मिळावयाच्या रकमेचा काही भाग तिकडे वळवून, पार्क ते-जून यांच्या देखरेखीखाली, १९७० साली काम सुरू झाले आणि १९७३ साली पोलाद वाहू लागले. तज्ज्ञ तर्कशास्त्राला धरूनच बोलले होते, तरी चुकले. सल्ला देणाऱ्या राष्ट्राच्या चरित्रात, सल्ला झुगारल्याचा हा प्रसंग इतका मध्यवर्ती असावा, याने कोणत्याही गुरूला संकोच वाटेल. आमच्या मते हा संकोच हेच या उपक्रमाचे खरे भांडवल आहे. जो स्वतः शागीर्द असताना वस्तादाचे न ऐकून तरला, त्याला आपल्या शागिर्दाच्या आडमुठेपणाविषयी सहानुभूती असू शकते. आणि ती नसेल, तर त्याच्या अहवालांची गत नेथन योजनेसारखी व्हायला वेळ लागणार नाही.

उपक्रमाचे आरंभीचे भागीदार व्हिएतनाम आणि उझबेकिस्तान हे होते. समाजवादी नियोजनाच्या चौकटीतून बाजारपेठेकडे वळणाऱ्या या दोन देशांना अमेरिकन प्राध्यापकापेक्षा आशियाई कारभाऱ्याशी बोलणे सोपे गेले असावे. कॅरिबियन समुद्रातील डोमिनिकन प्रजासत्ताकाने निर्यातीसाठी कर्ज देणाऱ्या संस्थेविषयी कोरियाचा सल्ला घेतला. तेथील घरबांधणीच्या राष्ट्रीय बँकेचे निर्यात-बँकेत रूपांतर करणारा कायदा व्हायला २०१५ साल उजाडले. श्रेय कोणाचे किती, हे ठरवणे कठीण. पाऊस पडल्यावर पेरा कोणाच्या मुहूर्ताने फळला, हा वाद आपल्याकडच्या खेड्यांतूनही चालतोच. २०१० च्या जानेवारीपासून कोरिया मदत देणाऱ्या राष्ट्रांच्या समितीत रीतसर बसू लागला, तेव्हापासून या कार्यक्रमाचा पसारा अधिकच वाढला.

केडीआयचे बिऱ्हाड २०१३ साली होंगनुंगहून सेजोंग या नव्या प्रशासकीय शहरी गेले. संस्थेच्या जुन्या कागदांत निवृत्तिवेतनाचे एक प्रकरण आहे. या संस्थेच्या अभ्यासातून पुढे आलेल्या कल्पनेवर १९७३ साली कायदा झाला, तेलाच्या दरवाढीने तो तहकूब राहिला, आणि नव्या स्वरूपात तो अमलात आला १९८८ साली. पंधरा वर्षे थांबावे लागले, हे परदेशी पाहुण्यांना सांगण्याजोगे. ज्या कुटुंबनियोजनाच्या यशाचे गोडवे त्याच काळी गाइले गेले, त्याचे पुढचे पान मात्र कोणी लिहून ठेवलेले नव्हते: २०२३ साली तेथील स्त्रीमागे जन्मदर ०.७२ वर आला. निवृत्तिवेतनाचा निधी भरणारे हात दरवर्षी कमी होत आहेत. २०२४ च्या फेब्रुवारीत याच संस्थेच्या संशोधकांनी तरुणांसाठी जुन्यापासून अलग असा एक नवा निधी काढण्याची तजवीज सुचवली. त्या टिपणाला जोडावा असा पूर्वानुभव मात्र त्यांच्या दप्तरात नव्हता.