हाऊसबोटीच्या मागचं घर

काश्मीरला जाणारी आपल्याकडची कुटुंबं दल सरोवरात एक-दोन रात्री हाऊसबोटीत राहतात. देवदाराच्या भिंती, अक्रोडाच्या लाकडावरचं कोरीव काम, गालिचे, शिकाऱ्यातले फोटो, आणि मग गुलमर्गची गाडी. पण ज्यांची ही बोट, ते स्वतः कुठं राहतात? बऱ्याचदा मागच्या बाजूला बांधलेल्या साध्या डोंग्यात. चूल तिथंच, मुलांची दप्तरं तिथंच, अंथरुणंही तिथंच. पाहुण्यांचा कहवा त्याच चुलीवरून येतो.

ही माणसं हांजी. आपण हजरत नूह अलैहिस्सलाम यांचे वंशज आहोत असं ती सांगतात. वॉल्टर लॉरेन्सने १८९५ सालच्या आपल्या पुस्तकातही हे लिहून ठेवलं आहे. वंशावळीचा भाग सोडा, नावेवर घर करणाऱ्याला नूहची आठवण व्हावी हे साहजिकच. कामावरून त्यांच्यात शाखा आहेत. भाजी पिकवणारे डेंब-हांजी, मासे धरणारे गाड-हांजी, वुलर सरोवरातून शिंगाडे काढणारे गारी-हांजी. डोंगा हे या लोकांचं मूळ घर. सपाट तळाची लांब नाव, वर उतरतं छप्पर. बाहेरच्यांना काश्मीरमध्ये जमीन घेता येत नव्हती, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी पाण्यावरच मुक्काम ठोकला आणि डोंग्याची हाऊसबोट झाली.

पाण्यावरचा दिवस लवकर सुरू होतो. फजरच्या सुमारास भाजीबाजार भरतो, तोही नावांवर. हाक, मुळा, नदरू म्हणजे कमळकाकडी. नावेला नाव लावून मापं होतात आणि ऊन वर येईपर्यंत सगळं आटोपतं. ही भाजी येते तरंगत्या मळ्यांतून. पाणवनस्पतींच्या जाड थरावर चिखल टाकून केलेले हे वाफे ओढून दुसरीकडे नेता येतात, त्यामुळे तिथं जमीनही चोरीला जाते! वर्गात सांगितलं तर मुलं विश्वास ठेवणार नाहीत. घरी न्याहारीला गुलाबी नून चहा आणि तंदूरची गिर्दा रोटी. मग मुलं शिकाऱ्यात बसून किनाऱ्यापर्यंत आणि तिथून शाळेला.

या घरांचं फिरणंही पाण्यावरूनच. जुम्याला शिकारा हजरतबलच्या घाटाला लागतो. नमाज झाली की बाहेर हलवा-पराठा आणि तळलेले नदरू-मोंजे. ईद-ए-मीलाद आणि मेराजच्या दिवसांत मू-ए-मुकद्दसचं दर्शन घडवतात, तेव्हा घाटावर नावांची दाटी होते. कधी चार चिनारच्या बेटावर, कधी निशात किंवा शालिमार बागेत डबा घेऊन दुपार काढायची. लग्नात वरातसुद्धा सजवलेल्या शिकाऱ्यांतून निघते.

हिवाळा मात्र परीक्षा पाहतो. जानेवारी २०२१ मध्ये श्रीनगरचा पारा उणे आठ अंशांच्याही खाली उतरला आणि दल गोठलं. अशा वेळी फिरनच्या आत कांगडी घेऊन बसायचं आणि बर्फ फोडून नावेला वाट करायची. लाकडाच्या घराला आगीची धास्ती कायमचीच. ११ नोव्हेंबर २०२३ च्या पहाटे दलमध्ये हाऊसबोटी जळाल्या, त्यात तीन बांगलादेशी पर्यटक दगावले.

सप्टेंबर २०१४ च्या पुरात शहर बुडालं, तेव्हा याच नावाड्यांनी शिकारे गल्लीबोळांत घालून लोकांना छतांवरून, वरच्या मजल्यांवरून उतरवलं. पण सरोवराच्या घाणीचा विषय निघाला की पहिलं बोट त्यांच्याकडेच दाखवलं जातं. हाऊसबोटींचं सांडपाणी पाण्यात गेलं हे खरंच आहे. मात्र शहराची गटारंही त्याच दलमध्ये येतात, आणि हे बोलताना आवाज जरा खाली येतो. नवी हाऊसबोट बांधायला परवानगी नाही, जुनीची डागडुजी करायलाही सरकारी मंजुरी हवी. देवदार तर महागलाच आहे. तळ कुजला की बोट हळूहळू एका बाजूला कलते. मालक पाणी उपसत राहतो आणि कागदाची वाट पाहतो.

सरोवराच्या आतल्या वाड्यांमधल्या अनेक कुटुंबांना सरकारने बेमिन्याजवळ रख-ए-अर्थ इथं वसाहतीत हलवलं आहे. तिथं पायाखाली कोरडी जमीन आहे, रस्ता आहे. भाजीचे वाफे मात्र दलमध्येच राहिले, आणि दाराशी शिकारा नाही.