सॅक्सोफोनचा हळुवार सूर

‘द जेंटल साइड ऑफ जॉन कोल्ट्रेन’ हा संकलन-अल्बम ऐकलाय का? संकलन म्हणजे आधीच्या अल्बममधून निवडून एकत्र केलेल्या रचना. अमेरिकेचे कोल्ट्रेन (१९२६–१९६७) वेगवान, वादळी जॅझ वादनासाठी प्रसिद्ध. इथे मात्र त्यांच्या संथ रचना आहेत. ड्यूक एलिंग्टन यांच्या पियानोसोबत १९६२ मध्ये ध्वनिमुद्रित झालेली ‘इन अ सेंटिमेंटल मूड’ आधी ऐका.

सॅक्सोफोन पितळेचा, तरी तो लाकडी फुंकवाद्यांत मोडतो. कारण त्याचा सूर बोरूसारख्या गवताच्या पातळ पत्तीच्या कंपनातून निघतो. आपल्या सनईतही पत्तीच वाजते ना! ओठांचा दाब आणि फुंक सांभाळली की आवाज मऊ होतो. वेगात लपणारी चूक संथ सुरात लगेच उघडी पडते. म्हणून हळू वाजवणं सोपं समजू नका. डोळे मिटून ऐका आणि वादक श्वास कुठे घेतो, ते ओळखा.