पदव्युत्तर अभ्यासक्रमाची मांडणी : प्रारंभीच्या भारतीय कादंबरीच्या निमित्ताने

पदव्युत्तर वर्गासाठी अभ्यासक्रम तयार करावयाचा म्हणजे पुस्तकांची यादी करावयाची, असा समज आपल्या अभ्यासमंडळांत दीर्घकाळ रूढ आहे. सदस्य जमतात, जो तो आपल्या आवडीची दोन नावे सुचवितो, कोणते नाव गाळल्यास कोण रुसेल याचा अदमास घेतला जातो, आणि चहा येईपर्यंत यादी पूर्ण होते. अशा बैठकांना प्रस्तुत लेखक बसलेला आहे व अशा याद्यांना त्याने मानही डोलावली आहे; तेव्हा पुढील विवेचनातील दोषाचा वाटा त्याने स्वतःकडेही घेतला आहे, असे समजावे.

मराठीच्या एम. ए. वर्गात ‘भारतीय साहित्य’ ही अभ्यासपत्रिका नेमावयाची ठरते, तेव्हा या यादीच्या मोहाला राष्ट्रीय कर्तव्याचे वजन प्राप्त होते. संविधानाच्या आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत. साहित्य अकादमी इंग्रजी व राजस्थानी यांसह २४ भाषांना मान्यता देते. प्रत्येक भाषेला न्याय मिळाला पाहिजे, असे कोणी म्हटले की त्याला विरोध करणे अवघड जाते. परंतु सध्याच्या श्रेयांकपद्धतीत चार श्रेयांकांच्या पत्रिकेला ६० तासिका मिळतात. ६० ला २२ ने भागले असता एकेका भाषेच्या वाट्याला पावणेतीन तासिकासुद्धा येत नाहीत. एवढ्या अवधीत अध्यापक लेखकाचे जन्मगाव, ग्रंथांची नावे आणि मिळालेले पुरस्कार सांगू शकतो. त्याला साहित्याचे अध्यापन म्हणता येणार नाही.

हा प्रश्न नवा नाही. कलकत्ता विद्यापीठात आशुतोष मुखर्जी यांच्या प्रयत्नाने १९१९ साली देशी भाषांचा एम. ए. अभ्यासक्रम सुरू झाला, त्या वेळी एक मुख्य भाषा आणि तिच्या जोडीला एक दुय्यम भारतीय भाषा अशी त्याची योजना होती. बंगाली घेणाऱ्या विद्यार्थ्याने दुसरी एखादी भाषा, थोडी का होईना, त्या भाषेतूनच वाचावी ही अपेक्षा तीत अभिप्रेत होती. पुढे १९५६ साली बुद्धदेव बसू यांनी जादवपूर विद्यापीठात तौलनिक साहित्याचा विभाग उभा केला, तेव्हा तुलनेला स्वतंत्र विषयाची प्रतिष्ठा लाभली. या दोन्ही प्रयत्नांत वाचनाच्या पद्धतीचा विचार ग्रंथसंख्येच्या आधी झालेला दिसतो. आपण मात्र बहुधा उलट मार्गाने जातो.

म्हणून अभ्यासक्रमाचा आरंभ प्रश्नापासून करावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. उदाहरणार्थ हा प्रश्न घ्या : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, अवघ्या चार-पाच दशकांत, इतक्या भारतीय भाषांत कादंबरी हा प्रकार कसा अवतरला, आणि अनुवादाचा त्यात कोणता भाग होता? प्रश्न असा बांधून घेतला की ग्रंथ आपोआप पुढे येतात, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते एकमेकांशी बोलू लागतात.

तेलुगूतील कंदुकूरी वीरेशलिंगम् यांचे ‘राजशेखर चरित्रमु’ १८८० साली पुस्तकरूपाने आले. गोल्डस्मिथच्या १७६६ मधील ‘व्हिकार ऑफ वेकफील्ड’चा आधार त्यामागे आहे, परंतु कथा पूर्णपणे आंध्र गृहजीवनात रुजविलेली आहे. गंमत अशी की १८८७ साली याच कादंबरीचा ‘फॉर्च्यून्स व्हील’ या नावाने इंग्रजीत अनुवाद झाला. इंग्रजी बीज तेलुगू मातीत वाढून पुन्हा इंग्रजी बाजारात गेले! मल्याळमातील चंदू मेनन यांची हकीकत याहून बोलकी आहे. डिझरायलीच्या ‘हेन्रिएटा टेंपल’चा अनुवाद करण्याचा त्यांनी यत्न केला, तो साधेना म्हणून सोडून दिला, आणि स्वतःच ‘इंदुलेखा’ लिहिली (१८८९). ज्या अनुवादकाला आपली अर्धी टाकलेली हस्तलिखिते आठवतात, त्याला ही गोष्ट फार दिलासा देणारी वाटेल. विद्यार्थ्यापुढे तिच्यामुळे निराळाच विचार उभा राहतो : अनुवाद अडला तो शब्दांपाशी अडला, की त्या शब्दांमागील समाजरीतीपाशी?

मराठीची बाजू येथे दुबळी नाही. बाबा पदमनजींचे ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालचे. ते कादंबरी आहे की विधवांच्या दुःस्थितीवरील कथारूप प्रबंध आहे, हा वाद वर्गात अवश्य व्हावा. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो?’ १८९० पासून ‘करमणूक’ पत्रातून क्रमशः येऊ लागली. दोन्हींची नायिका यमुना. पण पहिलीत तिच्याविषयी व तिच्या भोवतालच्या विधवांविषयी दुसरा कोणी सांगतो, दुसरीत यमू स्वतःच आपली कहाणी सांगते. साडेतीन दशकांच्या या अंतरावर किमान चार तासिका खर्च व्हाव्यात.

फकीरमोहन सेनापतींची ‘छ माण आठ गुंठ’ ही ओडिया कादंबरी मात्र या पत्रिकेचा कणा ठरावी. १८९७ ते १८९९ या काळात ती ‘उत्कल साहित्य’ मासिकात आली व १९०२ साली ग्रंथरूप झाली. रामचंद्र मंगराज हा जमीनदार भगिया आणि सारिया या निपुत्रिक विणकर दांपत्याची जमीन गिळंकृत करतो, एवढे कथानक. संस्थानांच्या दिवाणगिरीत मुरलेल्या लेखकाने ते अशा निवेदकाच्या तोंडी घातले आहे की, तो मंगराजाची स्तुती करतो आणि प्रत्येक स्तुतीगणिक मंगराज उघडा पडत जातो. आता मराठी वाचकाला शीर्षकातील ‘गुंठ’ हा शब्द ओळखीचा वाटतो, आणि येथेच तो फसतो. आपल्याकडे एकरात ४० गुंठे, ओडिशात २५. माण म्हणजे ढोबळमानाने एकर धरला, तर आठ गुंठ म्हणजे आपल्या हिशेबाने जवळजवळ तेरा गुंठे. २००५ साली चार अनुवादकांनी मिळून केलेल्या इंग्रजी अनुवादाला ‘सिक्स एकर्स अँड अ थर्ड’ हे नाव का पडले, ते आता कळते. जिथे जमिनीचा तुकडा हाच कथेचा प्राण, तिथे ‘सहा एकर आठ गुंठे’ असे भोळे भाषांतर त्या बिचाऱ्या विणकरांची जमीन आणखी एकदा कमी करील. जवळच्या भाषांतील ओळखीचे शब्दच अनुवादकाला अधिक दगा देतात, हे अशा एका उदाहरणाने विद्यार्थ्याच्या मनात जितके ठसते, तितके अनुवादमीमांसेवरील व्याख्यानाने ठसत नाही.

या पाच ग्रंथांना पन्नास तासिका पुरतील. सेनापतींना त्यांतील चौदा द्याव्यात. उरलेल्या दहा तासिका कलकत्त्याच्या जुन्या योजनेचे स्मरण ठेवून शेजारच्या एका भाषेच्या लिपीला व दोन-चार मूळ उताऱ्यांना द्याव्यात. हैदराबादेत मराठी शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या अवतीभोवती तेलुगू अक्षरे दुकानांच्या पाट्यांवर रोज दिसतात; बडोद्याच्या विद्यार्थ्याला गुजराती तर जवळजवळ फुकटच मिळते. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी विभागांना हा लाभ पुण्या-मुंबईपेक्षा अधिक आहे, आणि त्याचा उपयोग अभ्यासक्रमात क्वचितच केलेला आढळतो.

या निवडीतील उणीव झाकण्यात अर्थ नाही. नझीर अहमद यांचे १८६९ चे ‘मिरातुल उरूस’ प्रस्तुत लेखकाने केवळ तासिकांअभावी वगळले आहे, आणि ते वगळणे त्याला स्वतःलाच पटलेले नाही. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. एकोणिसाव्या शतकातील कादंबरी हा प्रश्न घेताच ज्या भाषांत त्या काळी छापखाने, मासिके आणि शाळा होत्या, त्यांचीच निवड झाली. संताळीला ओल चिकी ही स्वतःची लिपी रघुनाथ मुर्मू यांनी १९२५ साली दिली. आठव्या अनुसूचीत ती २००३ च्या घटनादुरुस्तीने आली. अशा भाषांना या पत्रिकेत जागाच राहत नाही. त्यांच्यासाठी एखादा उतारा चिकटविणे हा उपाय नव्हे. मौखिक कथनाचा प्रश्न घेऊन दुसऱ्या सत्रात स्वतंत्र पत्रिका मांडावी लागेल, व तिथे कदाचित मराठीला मागच्या बाकावर बसावे लागेल.

दोन व्यावहारिक गोष्टी राहिल्या. नेमलेला अनुवाद बाजारात अथवा ग्रंथालयात मिळतो की नाही, याची खात्री ठरावाआधी करावी. एका मंडळात नेमलेले पुस्तक वर्षभर कोणालाच मिळाले नाही, आणि विद्यार्थी मार्गदर्शिकेवर उत्तीर्ण झाले, हे प्रस्तुत लेखकाने पाहिले आहे. आणि अभ्यासक्रमाच्या पत्रकात मूळ लेखकाच्या नावाशेजारी अनुवादकाचे नाव व अनुवादाचे वर्ष छापावे. हा मानापमानाचा प्रश्न नाही. कोणता अनुवाद वाचावयाचा हे ठरल्यावाचून प्रश्नपत्रिकाच काढता येत नाही. ‘सेनापतींच्या निवेदनशैलीची वैशिष्ट्ये सांगा’ या प्रश्नाचे उत्तर विद्यार्थी कोणाच्या शैलीवरून लिहिणार? त्याऐवजी एक उतारा, त्याचे दोन अनुवाद आणि कोऱ्या कागदाची चार पाने द्यावीत. तपासणाऱ्याला कष्ट पडतील, पण मार्गदर्शिका लिहिणाऱ्यालाही पडतील.