काटेरी झाडांची मासिके

निवडुंग हा शब्द आपण मराठी माणसे फार सैलपणे वापरतो. बांधावरचा फड्या निवडुंग आणि कुंपणाचा त्रिधारी निवडुंग आपल्या लेखी एकाच जातीचे. वास्तविक पहिला अमेरिकेतून आलेला खरा कॅक्टस, तर दुसरा एरंडाचा भाऊबंद. त्याच्या पांढऱ्या चिकाने डोळ्यांस इजा होते. हा घोळ आरंभीच सांगावयाचे कारण असे की, ज्या नियतकालिकांविषयी आम्ही येथे बोलणार आहोत, त्यांचे निम्मे आयुष्य असलेच घोळ निस्तरण्यात गेले आहे.

ही नियतकालिके हौशी मंडळींनी चालविलेली. बर्लिनमध्ये १८९२ साली निवडुंगप्रेमींची संस्था निघाली. कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथे १९२९ साली अशीच संस्था निघाली आणि त्याच वर्षी तिचे नियतकालिकही सुरू झाले. स्कॉट हॅसेल्टन हे त्याचे पहिले संपादक. निवडुंगांचे माहेर जे मेक्सिको, तेथे मात्र संस्था निघावयास १९५१ साल उजाडले, आणि १९५५ पासून तिचे पत्र निघू लागले. हेलिया ब्राव्हो या विदुषींचा त्यात मोठा वाटा होता. शंभरीला टेकेपर्यंत त्या या काट्यांत रमल्या होत्या.

अशा पत्राचा संसार काय असतो? सभासदांची वर्गणी हेच भांडवल. लेखकाला मानधन नाही; संपादक आपला पोटाचा व्यवसाय सांभाळून रात्री मुद्रिते तपासणार. अंकात बी कसे रुजवावे, पिठ्या ढेकूण पडल्यास काय करावे, अशी घरगुती माहिती पुष्कळ असते. (ती आपल्याकडे जशीच्या तशी लागू पडत नाही, हे सांगितलेले बरे. तिकडच्या लेखकाला धास्ती हिवाळ्याची. आपल्या कुंड्या कुजतात त्या आषाढ-श्रावणात.) परंतु केवळ एवढ्यासाठी या पत्रांची दखल घेण्याचे कारण नव्हते. खरी गोष्ट पुढेच आहे.

नव्या वनस्पतीचे नाव शास्त्रात केव्हा रुजू होते? कोणी ती प्रथम पाहिली तेव्हा नव्हे, तर तिचे वर्णन नियमानुसार प्रसिद्ध झाले तेव्हा. १९३५ पासून २०११ अखेरपर्यंत हे वर्णन लॅटिनमध्ये असावे लागे, आणि ते छापील असावे लागे. शिवाय तिचा एक वाळविलेला नमुना वनस्पतिसंग्रहात ठेवावा लागतो. आता आंब्याची डहाळी कागदात दाबून वाळविणे सोपे; पाण्याने भरलेल्या काटेरी गोळ्याचे काय करावे? तो चिरावा, पोखरावा, दिवसचे दिवस वाळवावा. एवढे करून हाती जे उरते त्यात ना आकार, ना फुलाचा रंग. म्हणून संग्रहालयांतून निवडुंगांचे नमुने नेहमीच तुटपुंजे राहिले. ती उणीव भरून काढली ती हौशी माणसांनी. त्यांनी छायाचित्रे काढली, झाड कोठे व कोणत्या दगडमातीत मिळाले हे टिपले, त्याला क्रमांक दिला, आणि हे सारे आपल्या पत्रात छापले. कुंडीतील झाडाच्या पट्टीवर तो क्रमांक असला, तर त्याचे मूळ गाव सांगता येते. पट्टी हरवली की झाड नुसती शोभेची वस्तू होऊन बसते.

मेक्सिकोच्या ईशान्येस नुएव्हो लेओन प्रांत आहे. तेथील जिप्समच्या टेकड्यांत १९९१ साली जॉर्ज हिंटन यांना दोन अपूर्व निवडुंग आढळले. एक 'अझ्टेकियम हिंटनी'. दुसरा 'जिओहिंटोनिया', म्हणजे अख्खी नवी प्रजातीच! दोहोंचे वर्णन १९९२ साली चार्ल्स ग्लास व फित्झ मॉरिस यांनी मेक्सिकोच्या त्याच हौशी संस्थेच्या पत्रात प्रसिद्ध केले. झाडे देशाबाहेर नेण्यास कायद्याची बंदी होती, तरी थोड्याच काळात ती युरोप-जपानमधील संग्राहकांकडे पोहोचली.

येथे या पत्रांचे अवघड जागेचे दुखणे सुरू होते. ठिकाण छापावे, तर चोराला वाट दाखविल्यासारखे. न छापावे, तर अभ्यासकाला वर्णन निरुपयोगी. जगातील सुमारे १,४७८ निवडुंग जातींपैकी ३१ टक्के नष्ट होण्याच्या धोक्यात आहेत, असे २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळले, आणि चोरटी तोड हे त्याचे एक कारण आहे. २०२० साली इटलीच्या पोलिसांनी एका संग्राहकाकडून चिलीच्या वाळवंटातून उपटून आणलेली हजारावर झाडे पकडली. त्यांतील आठशेहून अधिक पुढील वर्षी मायदेशी परत गेली. म्हणजे विकणारा जसा या हौसेच्या वर्तुळातला, तसा विकत घेणाराही तिच्यातलाच. ही गोष्ट छंदिष्टांनी लपवू नये, असे आम्हांस वाटते.

१ जानेवारी २०१२ पासून नियम बदलले. वर्णन लॅटिनऐवजी इंग्रजीत चालते, आणि नोंदणीक्रमांक असलेल्या पत्रात ते कागदावर न छापता संगणकावर प्रसिद्ध केले तरी ग्राह्य धरतात. याच सुमारास, २०११ साली, ब्रिटनमधून 'द कॅक्टस एक्सप्लोरर' हे पत्र निघाले. ते संगणकावरच वाचावयाचे, वर्गणी मुळीच नाही, आणि काम करणारे सारे स्वयंसेवक. छपाईचा व टपालाचा खर्च गेल्यामुळे रंगीत चित्रांना हात आखडता घ्यावा लागत नाही. परंतु जे पत्र कोणालाही फुकट उघडता येते, ते चोरालाही उघडता येते. म्हणून आता जाणते लेखक प्रांत सांगतात, जमीन कसली ते सांगतात, सोबत कोणती झुडपे उगवतात तेही लिहितात. टेकडीचे नाव तेवढे गाळतात, आणि नेमके ठिकाण संग्रहालयातील नमुन्याच्या नोंदीत अभ्यासकांपुरते ठेवतात.