रिफ्लेक्टर बाबांच्या हातात

ऑगस्टअखेर न्यू जर्सीत साडेसातच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणून साडेपाचला कालव्याकाठी या, असं मी सांगून ठेवते. १८३४ साली सुरू झालेला हा डेलावेअर-रॅरिटन कालवा. ज्या वाटेवरून खेचरं नावा ओढत, तिथे आता माणसं फिरायला येतात. झाडांच्या फटींतून संध्याकाळचं ऊन तिरपं आणि मऊ होऊन उतरतं. परवा तिथे एक मराठी कुटुंब आलं. गाडीतून आधी ट्रॉम्बोनची पेटी उतरली, मग हँगरसकट कपडे, मग आई, बाबा, धाकटा भाऊ आणि सहा महिन्यांसाठी सांगलीहून आलेल्या आजी. जिचे फोटो काढायचे ती मुलगी सगळ्यांत शेवटी उतरली, तीही वैतागूनच.

अमेरिकेत बारावीतल्या मुलांना ‘सीनियर’ म्हणतात. शाळेचं हे शेवटचं वर्ष. त्यानंतर बरीचशी मुलं घर सोडून कॉलेजच्या वसतिगृहात जातात आणि पुढे पाहुण्यासारखी सुट्टीपुरती घरी येतात. म्हणून या वर्षी फोटो काढून घ्यायची इथे जुनी रीत आहे. १८५०-६०च्या काळात बोस्टनजवळच्या जॉर्ज केंडल वॉरन या फोटोग्राफरने हार्वर्ड, येल अशा कॉलेजांतल्या शेवटच्या वर्गातल्या मुलांचे एकेकटे फोटो काढले. मुलं वर्गमित्रांचे फोटो विकत घेत आणि त्यांचा अल्बम बांधून घेत. आजचं ‘इयरबुक’ त्याच वळणाचं.

आता या फोटोंचे दोन प्रकार असतात. इयरबुकचा फोटो बहुतेक ठिकाणी शाळेने ठरवलेला स्टुडिओ काढतो. मुलींच्या खांद्यांवर काळं मखमली कापड, मुलांना काळा कोट आणि बो टाय, एकसारखी पार्श्वभूमी, आणि काही मिनिटांत पुढचा नंबर. दुसरा प्रकार माझ्या कामाचा: घरच्यांनी हौसेने आणि पदरचे काही शे डॉलर मोजून करून घेतलेलं दीड-दोन तासांचं फोटोसेशन. त्यात मुलगा किंवा मुलगी आपल्या आवडीच्या गोष्टींसह येते. कुणी फुटबॉलचं जॅकेट आणतं, कुणी व्हायोलिन, कुणी कुत्रा.

या धंद्यात अनेकजण पालकांना सुचवतात की शक्यतो येऊ नका, मुलं मोकळी होत नाहीत. मला हे पटत नाही. ज्यांच्यासाठी फोटो काढायचा त्यांनाच दूर ठेवायचं, हे मला बरं वाटत नाही. पण नुसतं उभं राहून सूचना देणाऱ्या घरच्यांनी फोटो बिघडतो, हेही खरं. म्हणून मी प्रत्येकाला काम देते.

परवाही सुरुवात नेहमीसारखीच झाली. माझ्या पाठीमागून आई म्हणाल्या, “अगं, जरा नीट हस ना!” मुलगी म्हणाली, “आई, प्लीज!” आणि ओठ ताणून हसली. हे हसू कुणालाच आवडत नाही, त्याचं कारण १८६२ साली द्युशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरने लिहून ठेवलंय. ओठांचे कोपरे वर नेणारा स्नायू आपल्या हुकमतीत असतो. डोळ्याभोवतीचा, गाल उचलून डोळे बारीक करणारा स्नायू सहसा हुकमाने हलत नाही, तो मनातून आलेल्या आनंदानेच हलतो. “हस” म्हटलं की फक्त ओठ ऐकतात. शिवाय आई पाठीमागे एका बाजूला असल्या की मुलीची नजर लेन्स सोडून तिकडे जाते.

मी आईंना ओढून लेन्सला अगदी खेटून उभं केलं. म्हटलं, हसायला सांगू नका, तिला काहीतरी विचारा, आणि ते तुम्हाला खरंच माहीत नसलेलं असू दे. त्या क्षणभर अडखळल्या. मग म्हणाल्या, “बँडच्या कॅम्पला तू रात्री रडली होतीस का गं? फोनवर तुझा आवाज तसा वाटला होता मला.” मुलगी चकित झाली, मग लाजली, मग कॅम्पची सगळी हकीगत सांगत सुटली. त्या पाच मिनिटांत मला हवे ते फोटो मिळाले.

बाबा बोलत नव्हते. त्यांच्या हातात मी रिफ्लेक्टर दिला. परातीसारखा गोल, घडी घालता येणारा, साधारण हातभर व्यासाचा पडदा. सूर्य मुलीच्या पाठीमागे असतो तेव्हा केसांच्या कडा उजळतात, पण चेहरा सावलीत जातो. तिथे हा पडदा समोरून धरला की ऊन चेहऱ्यावर परततं. त्याला सोनेरी, चंदेरी, पांढरी अशा बाजू असतात. आपल्या रंगाच्या त्वचेला संध्याकाळी सोनेरी बाजूने पिवळटपणा येतो, म्हणून मी पांढरी वापरते. मात्र तो धरायला फार चित्त लागतं. वीतभर कलला तर उजेड हनुवटीवरून घसरून मानेवर जातो, म्हणून धरणाऱ्याला चेहऱ्यावरून नजर हलवता येत नाही. ते बाबा चाळीस मिनिटं आपल्या मुलीच्या चेहऱ्याकडे एकटक बघत उभे होते. सतरा वर्षांच्या मुलीकडे इतका वेळ बघत राहायला दुसरं निमित्त कुठून मिळणार? मधेच ते हळूच म्हणाले, “हिच्या भुवया माझ्या आईसारख्या आहेत, माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं.”

रंगाबद्दल थोडं सांगायलाच हवं. कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचं सगळं मध्यम करड्या रंगाचं धरून चालतो, त्यामुळे मागे आभाळ उजळ असलं की सावळा चेहरा काळवंडतो. उजेडाचं माप हाताने वाढवावं लागतं. फिल्मच्या काळात तर अमेरिकेतल्या प्रयोगशाळांत रंग जुळवायला एका गोऱ्या बाईचा फोटो असलेलं कार्ड असे, त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. कित्येक वर्षं बाकीच्यांची त्वचा तिच्या मापाने छापली गेली. आता साधनं सुधारली आहेत, पण आमच्यातल्याच आया विचारतात, “जरा उजळ करता येईल का?” मी नाही म्हणते, आणि का ते मुलीसमोरच सांगते. फोटो नीट करताना माझा नियम साधा आहे: दोन आठवड्यांत जे जाणार, म्हणजे मुरूम किंवा ओरखडा, ते काढायचं. तीळ, व्रण, रंग यांना हात लावायचा नाही.

शेवटचा अर्धा तास आजींची इरकल साडी. निऱ्या आजींनीच घातल्या, गाडीच्या दोन उघड्या दारांच्या आडोशाला. घालता घालता सांगत होत्या, “माझा या वयाचा एकच फोटो आहे. स्टुडिओत स्टुलावर बसवून काढलेला. मुलाकडच्यांना पाठवायला.” मुलीने विचारलं, “मग तू हसली होतीस का?” आजी म्हणाल्या, “कुणी सांगितलंच नाही हसायला.” पुढचे सगळे फोटो मुलीने न हसता, सरळ लेन्समध्ये बघत काढून घेतले. एका हाताने पदर आणि दुसऱ्या हाताने ट्रॉम्बोन धरून. मला त्यात बदलण्यासारखं काही दिसलं नाही.

फोटो निवडताना एक गैरसमज नेहमी पुढे येतो. भारतातल्या १९५७च्या कायद्याने, वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा कॉपीराइट पैसे देणाऱ्याचा असतो. अमेरिकेत तो सहसा फोटोग्राफरकडेच राहतो. ग्राहकाला प्रती आणि त्या वापरायची परवानगी मिळते. “पैसे दिले, मग फोटो आमचेच ना?” हा प्रश्न म्हणून रास्तच आहे आणि त्याचं उत्तर सेशनच्या आधीच द्यायला हवं. माझ्या वेबसाइटवर फोटो लावायचा असेल तर मला सही लागते, आणि मुलगी अठराच्या आत असेल तर पालकांची. मी तरी मुलीलाही विचारते, आणि ती नको म्हणाली तर लावत नाही.

मोठ्या फ्रेमसाठी आईंनी कॅम्पची हकीगत सांगतानाचा हसरा फोटो घेतला, मुलीने साडीतला. मग आजी छोट्या प्रतींकडे वळल्या. पाकिटात बसणाऱ्या, अडीच बाय साडेतीन इंची, आठांच्या पानावर छापून येणाऱ्या. इथली मुलं त्यांच्या मागे दोन ओळी लिहून मैत्रिणींना देतात. आजी बोटांवर मोजू लागल्या: थोरल्या जाऊबाई, मिरजेची नणंद, दोन्ही भाचरं, शेजारच्या वहिनी, देवळातले गुरुजी, दूध घालणारे मामा, भजनाच्या दोघी. नऊ झाले.

“दोन पानं छापा,” त्या म्हणाल्या, “आणि साडीतलाच छापा.”