दिघी ते दाभोळ : समुद्रकाठाने दोन मुक्कामांची सफर

चाकण-भोसरीच्या कारखान्यांत पाळ्या करणाऱ्या घरांत सुट्टीला एक-दोन रजा जोडल्या की बेत ठरलेला असतो : लोणावळा, नाहीतर नातलगांच्या गावचा फेरा. या वेळी गाडी पौडकडे वळवून पाहा. मुळशीचा जलाशय, ताम्हिणी घाट, माणगाव, म्हसळा असे करत दिघीला समुद्र भेटतो. तिथून दाभोळपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने जाता येते आणि वाटेत खाडी आडवी आली की गाडीसह फेरीबोटीत चढावे लागते. मुलांना हीच गंमत सर्वांत जास्त आवडते.

जमिनीवर फिरा आणि अल्लाहची कुदरत पाहा, ही शिकवण कुरआनात वारंवार येते. या वाटेवर कुदरत तर आहेच, पण आणखीही काही आहे. मुसलमानांचा इतिहास म्हटला की आपल्या मुलांच्या डोळ्यांसमोर दिल्ली-आग्रा येते. मराठी मुलखात मुसलमान समुद्रमार्गे, व्यापार करत, दिल्लीच्या सुलतानांच्या कितीतरी आधी आले, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. अरब प्रवासी अल-मसऊदी याने दहाव्या शतकातच चौल बंदरात मोठी मुस्लिम वस्ती असल्याचे लिहून ठेवले आहे. ही गोष्ट किनाऱ्यावर उभे राहून सांगितली तर पटकन समजते.

जंजिरा : समुद्रातला किल्ला

दिघीहून फेरीबोटीने राजपुरीची खाडी ओलांडून आगरदांड्याला उतरावे आणि राजपुरी गावातून शिडाच्या होडीने जंजिरा गाठावा. अरबीत बेटाला ‘जझीरा’ म्हणतात, त्यावरून हे नाव पडले. किल्ल्याचा दरवाजा अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. आत शिरण्यापूर्वी भिंतीवरचे शिल्प मुलांना दाखवा : एका हिंस्र पशूने पंजांत, जबड्यात आणि शेपटीत हत्ती पकडले आहेत. आत गोड्या पाण्याचे तलाव, पडक्या वाड्यांच्या भिंती आणि कलालबांगडी ही प्रचंड तोफ आहे.

किल्ल्याचे धनी सिद्दी हे मूळचे आफ्रिकेतल्या हबशाणातले. गुलाम आणि शिपाई म्हणून आलेल्या या लोकांनी दर्यावर आपले राज्य उभे केले आणि ते १९४८ मध्ये भारतात विलीन होईपर्यंत टिकवले. शिवाजी महाराजांनी जंजिऱ्यासाठी अनेक मोहिमा काढल्या आणि सिद्दीला शह देण्यासाठी जवळच पद्मदुर्ग बांधला. संभाजी महाराजांनी तर १६८२ मध्ये खाडीत दगडांचा भराव टाकून किल्ल्यापर्यंत वाट काढण्याचा प्रयत्न केला.

इथे एक गोष्ट मुलांना आवर्जून सांगा. सिद्दीशी लढणाऱ्या मराठा आरमाराचा एक प्रमुख सरदार दौलतखान होता. म्हणजे समोरासमोरच्या दोन्ही आरमारांत मुसलमान होते. लढाई होती ती दर्यावरच्या सत्तेची. शाळेच्या मैदानावर कोणी मुलाला ‘तू कोणाच्या बाजूचा?’ असे विचारले, तर त्याच्याकडे उत्तर असेल.

राजपुरीजवळ खोकरीचे घुमटही आहेत. सिद्दी सरदारांच्या या दगडी मकबऱ्यांपाशी फारशी गर्दी नसते. फातेहा पढून परत दिघीकडे निघावे.

शेखाडीचा रस्ता

दिवेआगर ते श्रीवर्धन हा या सफरीतला सर्वांत देखणा तुकडा आहे. भरडखोल, शेखाडी, आरावी ही गावे मागे टाकत रस्ता बऱ्याच ठिकाणी अगदी समुद्राला लागून जातो. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काळे खडक आणि त्यांवर फुटणाऱ्या लाटा. असरनंतर इथे पोहोचाल असा हिशेब ठेवा. गाडी वळणावर थांबवू नका, रस्ता अरुंद आहे.

पहिला मुक्काम श्रीवर्धनला करावा. हा सारा मुलूख पूर्वी जंजिरा संस्थानातच होता. इथली रोठा सुपारी प्रसिद्ध आहे. कोकणी मुस्लिम घरच्या जेवणाची सोय झाली तर तांदळाची भाकरी, माशाचे कालवण आणि सांदण चुकवू नका. सकाळी फजरला मशिदीत गेलात तर इमामसाहेब दुसऱ्या रकातीत रुकूनंतर हात उचलून कुनूत पढताना दिसतील. कोकणी मुसलमान बहुतेक शाफई आहेत. अरब व्यापाऱ्यांशी असलेल्या जुन्या नात्याचीच ही खूण.

सावित्री ओलांडून

हरिहरेश्वरजवळच्या बागमांडल्याहून फेरीबोट सावित्री नदी ओलांडते आणि वेसवीला उतरवते. तिथून जवळच बाणकोटचा किल्ला आहे. इंग्रजांनी त्याचे नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवले होते. वेळास गावच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी जपली जातात. फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये गेलात तर पिल्ले समुद्राकडे धावताना पाहायला मिळू शकतात.

पुढे केळशीला हजरत याकूबबाबांचा दर्गा आहे. शिवाजी महाराजांची या बाबांवर श्रद्धा होती आणि दर्ग्याला त्यांनी इनाम दिले होते. आडे, आंजर्ले असे करत हर्णैला पोहोचावे. संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव चालतो आणि समोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा असतो. दुसरा मुक्काम हर्णै किंवा दापोलीत.

दाभोळची मशीद

शेवटचा थांबा दाभोळ. बहमनी आणि आदिलशाही काळात हे मोठे बंदर होते. अरबस्तान-इराणचे घोडे इथे उतरत आणि हजचे यात्रेकरू इथून जहाजात चढत. डिसेंबर १५०८ मध्ये पोर्तुगीजांनी हे शहर जाळले, तरी ते पुन्हा उभे राहिले.

खाडीकाठी उंच दगडी जोत्यावर मोठा घुमट आणि चार मिनार असलेली मशीद आहे. बांधकाम १६५९-६० चे. लोक तिला शाही मशीद, माँसाहेबांची मशीद किंवा अंडा मशीद म्हणतात. विजापूरची शाहजादी आयेशाबीबी हजला निघाली होती, पण दर्या धोक्याचा असल्याने तिला दाभोळहून पुढे जाता आले नाही, आणि हजसाठी आणलेला पैसा तिने या मशिदीवर खर्च केला, असे इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. मुंबईहून जेद्दाला जाणारी हजची जहाजे १९९५ पर्यंत चालू होती, त्यामुळे घरात वडीलधारे असतील तर दर्यावरच्या हजच्या आठवणी त्यांच्याकडून इथेच ऐका.

निघण्यापूर्वी

पावसाळ्यात जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात आणि ताम्हिणीत दरडींचा धोका असतो. ऑक्टोबर ते मार्च हा काळ उत्तम. फेरीबोटीच्या वेळा आदल्या दिवशी विचारून घ्या. किल्ल्यात जाताना पिण्याचे पाणी सोबत ठेवा. अनोळखी समुद्रात मुलांना उतरू देऊ नका. सगळ्याच मशिदींत महिलांच्या वजू-नमाजाची सोय नसते, म्हणून गाडीत जानमाज आणि पाण्याचा कॅन हवाच. सफरीतली कसर नमाज, तिचे अंतर आणि नमाजा जोडून पढण्याचे नियम हनफी व शाफई मसलकांत वेगळे आहेत, ते आपल्या इमामसाहेबांकडून समजून घ्या. परतताना दापोली-मंडणगडमार्गे महामार्ग गाठता येतो. सफरीची दुआ मुलांकडून पाठ करून घ्या आणि अल्लाहचे नाव घेऊन निघा.