‘भल्या माणसां’च्या दरीतून

दक्षिण फ्रान्समध्ये ओद नदीच्या काठी कार्कासॉन नावाचे पुरातन नगर आहे. टेकडीवर दुहेरी तट, तटाला ५२ बुरूज आणि खाली द्राक्षमळ्यांचा हिरवा पट्टा. बुरुजांवरच्या टोकदार टोप्या पाहून प्रवासी हरखतात. पण त्यांचे आजचे रूप पुष्कळसे एकोणिसाव्या शतकातले आहे. १८५३ पासून वास्तुकार व्हिओले-ल-द्यूक याने या दुर्गाचा जीर्णोद्धार आरंभिला आणि तो करताना आपली कल्पनाही मोकळेपणाने वापरली. या नगराचा खरा इतिहास ज्याला अनुभवायचा असेल, त्याने तट मागे टाकून सायकलवर उत्तरेची वाट धरावी.

ही वाट ओर्बियेल नदीच्या दरीतून ‘काळा डोंगर’ या नावाच्या रांगेत शिरते, पिक द नोर या १,२११ मीटर उंचीच्या शिखराला स्पर्श करते आणि पलीकडच्या क्लामू नदीच्या खोऱ्यातून पुन्हा कार्कासॉनला येते. फेरा ऐंशी-नव्वद किलोमीटरांचा, चढ सुमारे ११०० मीटरांचा. सराव असलेल्याला एका दिवसात जमतो. इतरांनी विजेवर चालणारी सायकल घेण्यात कमीपणा मानू नये.

पहिले पंधराएक किलोमीटर रस्ता सौम्य आहे. कोंक गाव ओलांडले की दरी आवळते आणि लास्तूर येथे एकाच खडकाळ कण्यावर चार किल्ल्यांचे भग्न मनोरे उभे दिसतात. उभे सुरूवृक्ष, खाली नदीचा खळखळाट, वर उजाड भिंती. येथे सायकल ठेवून थांबावे.

आठशे वर्षांपूर्वी या मुलखात एक पंथ नांदत होता. इतिहास त्याला ‘कॅथार’ म्हणतो. पण हे नाव मुख्यतः विरोधकांचे. लोक त्यांतील व्रतस्थांना ‘भली माणसे’ म्हणत. हे व्रतस्थ मांस, अंडी, दूध, चीज यांचा त्याग करीत, ब्रह्मचर्य पाळीत, प्राणिहत्या करीत नसत, शपथ घेत नसत आणि दोघा-दोघांनी विहार करीत. स्त्रियांनाही ही दीक्षा खुली होती. गृहस्थ अनुयायांवर मात्र असे कडक बंधन नव्हते. ते व्रतस्थांना नमस्कार करीत आणि अन्न देत. जैन वाचकाला मुनी, आर्यिका आणि श्रावक आठवल्यावाचून राहणार नाहीत.

रोमच्या पोपने या पंथाविरुद्ध धर्मयुद्ध पुकारले. २२ जुलै १२०९ रोजी बेझिए शहरात कत्तल झाली. ऑगस्टमध्ये कार्कासॉनला वेढा पडला, विहिरी आटल्या, तरुण अधिपती त्रांकाव्हेल कैद झाला आणि नागरिकांना अंगावरच्या कपड्यांनिशी नगर सोडावे लागले. त्याच वर्षी तो अधिपती स्वतःच्याच किल्ल्यातील बंदिवासात वारला. पुढील वर्षी सेनापती सिमों द मोंफोर याने ब्रां गावातल्या शंभराहून अधिक कैद्यांचे डोळे काढविले आणि एकाचा एक डोळा शाबूत ठेवून, त्याच्या मागोमाग त्या सर्वांना लास्तूरच्या काबारे किल्ल्याकडे पाठविले. आपण नुकतीच जी दरी चढून आलो, त्याच दरीच्या दिशेने ती रांग आली होती.

लास्तूरच्या पुढे मास-काबारदेस हे विणकरांचे जुने गाव लागते. तेथील दगडी क्रुसावर विणकरांचा धोटा कोरलेला आहे. त्या काळी उत्तर फ्रान्समध्ये पाखंड्यांना ‘विणकर’ असेच म्हणत. धोटा पाहून तूलूझ येथील जाँ नावाच्या माणसाची कथा आठवते. सन १२३० नंतरच्या दशकात धर्मचौकशीचा फास आवळला, तेव्हा त्याच्यावरही संशय आला. त्याने लोकांपुढे आपले निर्दोषत्व सांगितले ते असे, की मी मांस खातो, बायकोसह राहतो, खोटे बोलतो, शपथा वाहतो, म्हणजे मी सच्चा ख्रिस्ती आहे! दया आणि सत्य हाच गुन्ह्याचा पुरावा ठरावा, असा तो काळ होता. पुढे तुरुंगात त्याची गाठ खऱ्या व्रतस्थांशी पडली, त्याने त्यांच्याकडून दीक्षा घेतली आणि त्यांच्याबरोबरच तो अग्नीत गेला. ही हकिगत आपल्यापर्यंत पोहोचविली ती चौकशीच्याच बाजूच्या एका धर्मगुरूने.

यानंतर खरा चढ लागतो. चेस्टनटची दाट राई, मग बीच वृक्ष, आणि शेवटी वृक्षहीन माळ. शिखरावर प्रक्षेपणाचा उंच मनोरा आहे. तो काही सुंदर नाही. पण आकाश निरभ्र असेल तर दक्षिणेला पिरेनीज पर्वताची रांग दिसते. २०१८ च्या ‘टूर द फ्रान्स’ शर्यतीचा एक टप्पा या शिखरावरून कार्कासॉनला उतरला. तारीख होती २२ जुलै. किती जणांच्या ते ध्यानात आले असेल, कोण जाणे.

चढताना श्वासाबरोबर मनही संथ होते, आणि घाईघाईने जोडलेले नाते तपासून पाहावेसे वाटते. ‘ते जैनच होते’ असे म्हणण्याचा मोह आवरला पाहिजे. कॅथार व्रतस्थ मासे खात. दृश्य जग ही दुष्ट शक्तीची निर्मिती आहे, असे ते मानीत. जैन दर्शनात जगाला कर्ताच नाही, आणि पुद्गल हे सहा द्रव्यांपैकी एक द्रव्य आहे, सैतानाची करणी नव्हे. त्यांच्यापैकी अनेक जण पशूंमध्येही भटके आत्मे मानीत. हे आपल्याला जवळचे वाटते, पण दोन्हींचा पाया निराळा.

एक साम्य मात्र अस्वस्थ करते. चौदाव्या शतकाच्या आरंभी, मृत्यू समीप आला असता दीक्षा घेऊन अन्न वर्ज्य करण्याची त्यांची प्रथा होती. तिला ‘एंदुरा’ म्हणत. ती आपल्याला ठाऊक आहे ती बहुतांशी न्यायासनापुढे घेतलेल्या जबान्यांतून, म्हणजे तिला गुन्हा मानणाऱ्यांच्या दप्तरातून. सल्लेखनेलाही ऑगस्ट २०१५ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने आत्महत्या ठरविले होते. त्याच महिन्याच्या ३१ तारखेस सर्वोच्च न्यायालयाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. आपल्यापाशी सल्लेखना सांगणारे आपले आचार्य आणि आपले ग्रंथ होते. एंदुरा घेणाऱ्यांपैकी एकाचेही स्वतःच्या हातचे शब्द आपल्यापुढे नाहीत.

उतार काब्रेस्पीनवरून मिनर्व्हुआच्या द्राक्षमळ्यांत नेतो. तो वळणावळणाचा आहे. ब्रेक आधीच तपासावेत. त्रेब येथे मिदी कालवा भेटतो. पिएर-पॉल रिके याच्या योजनेतून १६६६ ते १६८१ या काळात तो खोदला गेला. काठच्या चिनार वृक्षांना २००६ पासून बुरशीच्या रोगाने ग्रासले असून हजारो झाडे तोडावी लागली आहेत. सावलीचा भरवसा धरू नये. त्रेबहून पश्चिमेकडे वळताच ‘सेर्स’ नावाचा कोरडा वारा समोरून येऊ शकतो, आणि दिवसभराचे श्रम शेवटच्या बारा किलोमीटरांत दुप्पट वाटतात.

आहाराविषयी दोन शब्द. येथील प्रसिद्ध पक्वान्न ‘कासूले’ म्हणजे घेवडा आणि बदकाचे मांस. तिथल्या अनेक चीजांत वासराच्या जठरातले रेनेट असते, तेव्हा नुसते ‘शाकाहारी’ म्हणून भागत नाही. अंजीर उदुंबर फळांत मोडते, ते आपोआप बाद. पारंपरिक फ्रेंच पाव मात्र १९९३ च्या शासकीय नियमाने पीठ, पाणी, मीठ आणि खमीर यांचाच करावा लागतो. खमिराचा विचार ज्याने त्याने करावा. टोमॅटो, ऑलिव्ह आणि सुका मेवा सोबत घ्यावा, कारण डोंगरातली दुकाने दुपारी बंद असतात. रात्रिभोजनत्याग करणाऱ्यांची जूनमध्ये चिंता मिटते. सूर्य साडेनऊच्या सुमारास मावळतो. सात वाजता तटाखाली पोहोचले, तरी सायकल धुऊन, हातपाय धुऊन, उजेडात सावकाश जेवता येते.